पाडा नकाशावर कधी येणार?

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत, विद्यापीठांत आणि प्रशिक्षण संस्थांत जीआयएस शिकवणाऱ्या सर्व प्राध्यापक-प्रशिक्षकांस,



विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे महामार्गावरचं गाव. पूर्वेकडे कोंडाईबारीचा घाट ओलांडला की धुळे जिल्हा लागतो, पश्चिमेकडे नवापूर मागे पडलं की गुजरात. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्याला या मुलखातली वस्ती दिसत नाही. ती आत आहे, पाड्यापाड्यांत. नाल्याच्या अलीकडे काही घरं, पलीकडे काही, टेकाडावर आणखी काही. आणि सरकारदप्तरी या सगळ्यांचं नाव एकच, महसुली गावाचं.

इथली मुलंमुली आता जीआयएस शिकू लागली आहेत. कुणी भूगोल घेऊन पदवीला गेलेलं, कुणी समाजकार्याला, कुणी आरोग्याच्या प्रकल्पात माहिती भरायच्या नोकरीला लागलेलं. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं आणि आज जगभरच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेलं क्यूजीआयएस फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने त्याचे धडेही तयार केले आहेत. नकाशा काढणं ही फक्त सरकारी खात्याची मक्तेदारी राहिली नाही, ही फार चांगली गोष्ट घडली आणि तिच्यात आपल्यासारख्या शिक्षकांचा मोठा वाटा आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

तक्रार आहे ती पुढची. ही मुलं वर्गातून परत येतात तेव्हा त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुतेक वेळा एकच नकाशा असतो. जनगणनेचा गावनिहाय गोषवारा उतरवून घ्या, गावांच्या सीमांची शेपफाइल उघडा, दोन्ही जोडा, साक्षरतेचे पाच वर्ग पाडा, फिकटपासून गडद छटा द्या, सूची आणि उत्तरेचा बाण लावा, पीडीएफ जमा करा. फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ यांनी 1826 मध्ये शिक्षणाचं प्रमाण दाखवणारा छटांचा नकाशा काढला, त्याला आता दोनशे वर्षं झाली. या रीतीत वाईट काहीच नाही. पण ती शिकलेल्या मुलाला त्याच्याच आईने विचारलं, की आपला पाडा यात कुठं आहे, तर त्याला बोट ठेवता येत नाही. त्याला सॉफ्टवेअर येतं. माणसं मोजली कशी, कधी, कुठं उभं राहून, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून पहिलं गाऱ्हाणं पाड्याचं.

जनगणनेचे आकडे महसुली गावापाशी थांबतात. गावाच्या सीमेच्या आत एक रंग भरला की तीन-चार किलोमीटरवर विखुरलेले पाडे एकाच छटेत बुडतात. शाळेजवळच्या, रस्त्यालगतच्या घरांची साक्षरता आणि डोंगराकडच्या पाड्याची साक्षरता यांची सरासरी निघते आणि ती सरासरी कुणाचीच नसते. सरकारच्या योजना मात्र वस्ती पाहतात. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता मिळायला 250 लोकवस्ती लागते, सपाट मुलखात 500. आदिवासी भागात 300 ते 800 लोकांमागे एक अंगणवाडी, 150 ते 300 असतील तर मिनी अंगणवाडी. आरोग्य उपकेंद्राला 3,000 लोक, इतरत्र 5,000. म्हणजे पाड्यावर 240 माणसं आहेत की 260, यावर रस्ता ठरतो. आणि हाच आकडा गावाच्या नकाशात सापडत नाही.

नवापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे त्याखालचे नियम 2014 चे. या नियमांनी पाड्याला, वस्तीला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागण्याची वाट उघडली आहे. ती मागणी करायची तर आपली हद्द कुठून कुठपर्यंत, घरं किती, पाण्याची जागा कोणती, जंगल कोणतं, हे कागदावर मांडावं लागतं. जीआयएस शिकलेल्या मुलीचं काम इथं आहे. तिच्या अभ्यासक्रमात पेसाचा उल्लेख तरी असतो का, हा प्रश्न आपणच आपल्या विभागात विचारून पाहावा.

पाड्यांचे बिंदू कुठून आणायचे, असं कुणी म्हणेल. ग्रामसडक योजनेने 2022 मध्ये देशभरातले ग्रामीण रस्ते, वस्त्या आणि सोयी यांची भौगोलिक माहिती सर्वांसाठी खुली केली आहे. सुरुवात तिथून करता येते. मग उपग्रहाच्या चित्रावर छपरं शोधायची आणि शेवटी पायी जाऊन पडताळायचं. पायी जाणं टळत नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन फिरला तो गावठाणावर; गावठाणाबाहेरच्या शेतातल्या आणि वनजमिनीवरच्या घरांना त्या मोजणीत जागा नाही. तयार फाइलवर विसंबणाऱ्याला ही घरं कायम अदृश्य राहतील.

दुसरं गाऱ्हाणं तारखेचं आहे, आणि या पत्राच्या मते ते सर्वांत मोठं आहे.

दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातल्या अनेक पाड्यांवर घरांना कुलपं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात जातात. ही वाट आजची नव्हे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकातच बारडोली भागातल्या खानदेशी ऊसतोड मजुरांवर लिहिलं होतं. मजुरांचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो; एक जोडपं म्हणजे एक कोयता. बरोबर लहान मुलं जातात, कधी म्हातारी माणसंही जातात. शेताच्या कडेला पालं पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत तेच घर.

आता 2011 ची जनगणना आठवावी. माणसं मोजण्याचा टप्पा होता 9 ते 28 फेब्रुवारीचा. त्या संपूर्ण काळात जो आपल्या नेहमीच्या घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथं सापडला तिथं व्हायची. म्हणजे पाड्यावरचं जोडपं मोजलं गेलं असेल तर ते सुरत जिल्ह्यातल्या एखाद्या शेताच्या बांधावर. आणि पालापर्यंत प्रगणक पोहोचलाच नसेल तर कुठंच नाही. पाड्यावर मागं उरलेले आजी-आजोबा आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं एवढेच गावाच्या खात्यावर आले. यातून गावाची लोकसंख्या घटते, काम करत्या वयाची माणसं कमी दिसतात, शून्य ते सहा वयोगटातली मुलं कमी दिसतात. आपला विद्यार्थी तो आकडा उचलतो, छटा देतो आणि निष्कर्ष लिहितो, की या गावात अंगणवाडीची गरज कमी आहे.

पुढची जनगणना समोर आहे. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे माणसं मोजायला प्रगणक पुन्हा फेब्रुवारीतच दारात येणार. 2027 ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे. होळीला घरी परतण्याची ओढ या भागात किती असते ते इथल्या कुणालाही विचारावं. पण तोवर मोजणी उरकलेली असेल. तारीख बदलणं आपल्या हाती नाही, हे मान्य. विद्यार्थ्याला ही तारीख शिकवणं मात्र नक्कीच आपल्या हाती आहे. आशाताईंच्या आणि अंगणवाडी ताईंच्या सर्वेक्षणाच्या नोंदवह्यांत घरनिहाय आकडे असतात. स्थलांतरित कुटुंबं त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्याशी बसून एकाच पाड्याचे दोन नकाशे काढायला लावा, एक ऑगस्टचा, एक फेब्रुवारीचा. उघडी घरं एका रंगात, कुलूप लागलेली दुसऱ्या. लोकसंख्या हा वर्षभर एका जागी बसून राहणारा आकडा नसतो, हे त्या दोन कागदांतून जेवढं कळेल तेवढं दहा व्याख्यानांतून कळणार नाही. आणि लसीकरणाची, पोषण आहाराची, शाळेच्या पटाची चर्चा करताना टक्का काढायला भागायचं कशाने, हा प्रश्न त्या मुलाला आयुष्यभर पडत राहील.

तिसरी गोष्ट उदाहरणांची. नकाशा आणि साथीचा रोग यांचा धडा सुरू झाला की 1854 चं लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि डॉ. जॉन स्नो. तो धडा थोर आहे आणि शिकवायलाच हवा. पण नवापूर तालुक्यातल्या मुलाला तो शिकवताना नवापूरचं नाव निघत नाही, याचं वाईट वाटतं. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरलाच जाहीर झाला होता. कुक्कुटपालन हा तिथला मोठा धंदा. पक्षी मारण्यासाठी 3 किलोमीटरचं आणि देखरेखीसाठी 10 किलोमीटरचं वर्तुळ आखलं गेलं, घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधले गेले. 2021 च्या फेब्रुवारीत तोच रोग पुन्हा तिथंच आला.

जीआयएसच्या वर्गाला याहून चांगला धडा शोधून सापडायचा नाही. नवापूरभोवती 10 किलोमीटरचं बफर काढायला सांगा. पहिली अडचण लगेच येते: वर्तुळ गुजरातेत शिरतं. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. पलीकडे उच्छल तालुका. महाराष्ट्राची शेपफाइल सीमेवर संपते, पण कोंबड्या, माणसं आणि विषाणू संपत नाहीत. दुसरी अडचण: वर्तुळाच्या कडेवरची गावं अर्धी आत, अर्धी बाहेर. मग आत किती लोक मोजायचे? क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटली तर असं गृहीत धरलं जातं, की माणसं गावाच्या शिवारात सारखी पसरली आहेत. ती तशी नाहीत, ती पाड्यांत आहेत. सगळे पाडे वर्तुळाबाहेरच्या अर्ध्या भागात असतील तर गणित साफ चुकतं. तिसरी अडचण: घरामागे चार कोंबड्या पाळणारी बाई कुठल्याही पोल्ट्रीच्या यादीत नसते. तीन अडचणी, तीन तास, आणि विद्यार्थ्याच्या ओळखीचा मुलूख. 2006 च्या उद्रेकाच्या वेळी पहिली-दुसरीत असलेली मुलं आज शिकवणाऱ्यांच्या वयाची झाली असतील.

काही बारीकसारीक गोष्टी थोडक्यात. जोडणी गावाच्या नावावरून करू देऊ नका, कोडवरूनच करायला लावा. या तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग रेल्वेच्या पाटीवर व्ही घालून आणि जनगणनेत डब्ल्यू घालून आहे; गावांच्या नावांची काय गत असेल ते समजावं. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल होते ती वेगळीच. 2011 च्या यादीत तालुक्याचा पाच अंकी कोड शून्याने सुरू होतो, एक्सेल तो शून्य गिळून टाकतं आणि जोडणी रिकामी येते. बिचारा विद्यार्थी रात्रभर आपलंच चुकलं म्हणून बसतो. क्षेत्रफळ किंवा अंतर काढण्याआधी लेयर अंशांतून मीटरमध्ये आणायला शिकवा. संपूर्ण नंदुरबार जिल्हा यूटीएमच्या 43 उत्तर या झोनमध्ये बसतो, एवढं सांगायला एक मिनिट पुरतं.

टक्केवारीबद्दल मात्र जरा थांबावं लागेल. समजा, एखाद्या पाड्यावर सहा वर्षांखालची 12 मुलं आहेत आणि त्यांतली तीन कमी वजनाची आहेत. नकाशावर 25 टक्के. आणखी एक मूल घसरलं की 33 टक्के, आणि पाडा एकदम गडद लाल. मोठ्या गावात शंभर मुलं कमी वजनाची असूनही ते फिकट राहू शकतं. टक्क्याबरोबर मुळातला आकडा लिहिण्याची सवय पहिल्याच दिवशी लावली पाहिजे. याची उलट बाजूही आहे. 2011 मध्ये नंदुरबारची साक्षरता 64.38 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. राज्याच्या नकाशात सगळा जिल्हा एकाच गडद ठिपक्यासारखा दिसतो आणि डोंगरी धडगाव व नंदुरबार शहर यांतला फरक त्यात पुसला जातो. वर्ग कसे पाडले यावर जिल्ह्याची बदनामी अवलंबून असते. समान अंतराचे पाडले तर एक चित्र, समान संख्येचे पाडले तर दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

आणखी एक खटकणारी बाब. 2011 मध्ये जिल्ह्याच्या 16,48,295 लोकसंख्येपैकी सुमारे 69 टक्के अनुसूचित जमातींचे होते. गावनिहाय गोषवाऱ्यात त्यांच्यासाठी एकच रकाना आहे. मावची, गावित, कोकणा, भिल्ल, पावरा, वसावे हे सगळे त्या एका आकड्यात. भाषेचंही तसंच: जनगणनेच्या तक्त्यात मावची, पावरी, वसावा, गामित, कोकणा या मातृभाषा भिलीच्या पोटात घातल्या आहेत. पहिलीत बसलेल्या मुलाला शिक्षिकेची भाषा कळते की नाही, हा प्रश्न पाड्यागणिक बदलतो. त्याचा नकाशा कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवता येणार नाही. तो विचारत हिंडूनच होईल, आणि विचारायला त्या भाषा बोलणारी मुलं आपल्याच वर्गात बसलेली आहेत.

विचारत हिंडण्याचा विषय निघालाच आहे, तर यंत्र कुणाच्या हाती असावं याचं उदाहरण फार लांब नाही. अक्कलकुव्याला लागून असलेल्या गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात आर्च-वाहिनी या संस्थेने वनहक्क कायद्याखालचे दावे मांडताना गावातल्या तरुणांना हाती धरायचं जीपीएस यंत्र शिकवलं. त्यांनी कसणाऱ्यांच्या सोबत प्लॉटच्या कडेने चालून मोजणी केली आणि ती उपग्रहाच्या चित्रांवर बसवली. या कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. ही ओळ जीआयएसच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवी. वरून झाडं दिसली म्हणून खाली शेती नव्हती असं सिद्ध होत नाही. चित्रात जे दिसत नाही ते सांगायला म्हातारी माणसं अजून आहेत. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पंचायतींचे साधनसंपत्ती नकाशे तयार केले तेही गावातल्या स्वयंसेवकांना भूमापनाचे नकाशे हाती देऊन, शेतांतून चालायला लावून.

आणि जपून. जनगणना कायदा 1948 च्या कलम 15 ने प्रत्येक माणसाची माहिती गोपनीय ठेवली आहे. आपल्या विद्यार्थ्याने मोबाइलवर गोळा केलेल्या घरनिहाय माहितीला तसं कुंपण नसतं. वनजमिनीवरच्या घराचा बिंदू, दावा अजून मंजूर नाही असं घर, क्षयाचा रुग्ण असलेलं घर, एकट्या बाईचं घर: हे बिंदू प्रकल्प अहवालात अक्षांश-रेखांशासह छापले जातात आणि कुणाच्या हाती पडतील याचा विचार होत नाही. घराची माहिती पाड्यावर नेऊन एकत्र करा, बाहेर तेवढंच जाऊ द्या. ग्रामसभेला आधी विचारा. सर्वेक्षण कशासाठी आहे ते त्यांच्या भाषेत सांगा, आणि नाही म्हणाले तर परत जा. गुण त्यालाही द्यावेत.

या सगळ्यातून मागणं तीन आहेत. पहिलं, लोकसंख्येच्या नकाशाचा कोणताही अभ्यासक्रम किमान एका गावाच्या पाड्यांची प्रत्यक्ष नोंद केल्याशिवाय पूर्ण समजू नये. इतर ठिकाणच्या तयार फाइलींवर सराव खुशाल करावा, पदवी त्यावर देऊ नये. दुसरं, धडे, मेनूंची ओळख आणि सरावाच्या सूचना मराठीत द्याव्यात. नकाशाची समज असलेली कितीतरी मुलं इंग्रजी सूचनांपाशी अडतात आणि आपल्याला हे जमणार नाही असं धरून बसतात. तिसरं, काढलेला नकाशा गावाला परत द्यावा. पीडीएफ विभागात राहते, गुण मिळतात, गावाला पत्ता नसतो. मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीत लावा, पाड्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहा आणि फाइलची प्रत गावातल्या एका मुलाकडे आणि एका मुलीकडे ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुरुस्ती त्यांनाच करता येईल.

2027 चे गावनिहाय आकडे हाती येतील तेव्हा ते कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न राहणारच. पाड्यांच्या अशा नोंदी आधीपासून तयार असतील तर कुठल्या गावात किती माणसं मोजायची राहिली ते गावालाच दाखवता येईल, आणि रस्त्याची किंवा अंगणवाडीची मागणी करताना तहसीलदारांसमोर ठेवायला एक कागद असेल. आपले विद्यार्थी घेऊन या. पावसाळा ओसरल्यावर, पण दिवाळीच्या आधी या. तेव्हा नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, पलीकडच्या पाड्यांवर चालत जाता येतं आणि माणसं घरी असतात. नंतर फेब्रुवारीत पुन्हा एकदा या, कुलपं मोजायला.



आपला स्नेहांकित,
विसरवाडी परिसरातील एक पत्रलेखक
ता. नवापूर, जि. नंदुरबार